युद्धनौकांवरील धूळ आणि निवृत्त नौसैनिकांचा हक्क
(तुडील, ता. महाड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तुडील हे गाव समुद्रकिनाऱ्यावर वसलेले नाही. ते सावित्रीच्या खाडीपट्ट्यातले गाव आहे. परंतु खाडीचे पाणी जिथवर आत येते, तिथवर समुद्राची हाकही येते. या पट्ट्यात शेती तुटपुंजी, डोंगर उघडे आणि पाऊस संपला की कामही संपलेले. म्हणून महाड-पोलादपूरच्या घराघरांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या दोनच वाटांनी बाहेर पडली. एक वाट पलटणीची, दुसरी जहाजाची. याच महाड तालुक्यातील एका गावाला लोक आजही फौजी आंबवडे म्हणून ओळखतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या आरमारात खालच्या दर्जाचे नाविक म्हणून जे लोक घेतले जात, त्यांत रत्नागिरी किनाऱ्यावरील कोकणी मुसलमानांचा मोठा भरणा होता. व्यापारी जहाजांवर तर सारंग, टिंडल, तेलवाला, आगवाला ही नावे कोकणाच्या घरगुती बोलीचाच भाग झाली.

या माणसांनी देशाला काय दिले, याची भाषणे स्वातंत्र्यदिनी पुष्कळ होतात. त्यांनी जहाजावरून घरी काय आणले, याचा विचार मात्र फारसा होत नाही. निवृत्तीवेतनाचे कागद आणि एक लोखंडी ट्रंक एवढेच ते घेऊन आले, असा समज आहे. वस्तुतः जहाजांच्या बॉयलर रूममध्ये आणि इंजिन रूममध्ये ज्यांनी ऐन उमेदीची वर्षे घालविली, त्यांच्यापैकी काहींनी फुफ्फुसांत रुतलेली एक अदृश्य धूळही घरी आणली. त्या धुळीचे नाव अ‍ॅस्बेस्टॉस. तिच्यामुळे होणाऱ्या रोगाची भरपाई हा या भाषणाचा विषय आहे.

अ‍ॅस्बेस्टॉस हे खनिज आहे. दगडाच्या पोटातून ते निघते, पण कापसासारखे पिंजता येते, त्याचे कापड विणता येते, दोर वळता येतो, पाण्यात कालवून लुकणासारखे लिंपताही येते. ते जळत नाही आणि उष्णता अडवून धरते. वाफेवर चालणाऱ्या जहाजाला याहून सोयीची वस्तू ती कोणती? त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या युद्धनौकांत बॉयलरभोवती, वाफेच्या नळ्यांवर, टर्बाइनच्या आवरणात, नळ्यांच्या सांध्यांतील गॅस्केटमध्ये आणि आगीला अटकाव करणाऱ्या भिंतींच्या तावदानांत हा पदार्थ ठासून भरलेला असे. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, कोणाचेही आरमार याला अपवाद नव्हते.

युद्धनौकेवरील जागेची टंचाई सर्वांना ठाऊक आहे. नाविक जिथे झोपतो, तिथेच त्याच्या डोक्यावरून नळ्या गेलेल्या असतात. तोफा डागल्या की सारे जहाज हादरते आणि नळ्यांवरच्या लिंपणाची भुकटी खाली झरते. नळी गळू लागली म्हणजे स्टोकरने किंवा मेकॅनिकने ते लिंपण फोडायचे, जुने गॅस्केट खरवडून काढायचे, नवे बसवायचे आणि पुन्हा लिंपायचे. हे सारे बंदिस्त, तापलेल्या जागेत, उघड्या नाकातोंडाने. हवा खेळविणारे पंखे ती धूळ बाहेर फेकण्याऐवजी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पोचवीत. आणि रजेवर घरी आलेल्या माणसाचे कपडे झटकून धुणारी त्याची बायको जहाजावर कधीही न चढता त्याच धुळीची वाटेकरी होई.

या धुळीचे तंतू इतके बारीक असतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, घशाला टोचत नाहीत. एकदा फुफ्फुसांत खोल गेले की शरीर त्यांना विरघळवू शकत नाही. त्यांच्याभोवती व्रण धरतात, फुफ्फुस ताठरते आणि श्वास उथळ होतो. या विकाराला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. याच तंतूंमुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो आणि फुफ्फुसाभोवतीच्या पातळ पडद्याचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोगही होतो. मेसोथेलिओमाचे निदान झाल्यावर रोगी बहुधा वर्ष-दोन वर्षेच जगतो. परंतु या सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे काळ. धूळ आत गेल्यापासून रोग बाहेर दिसेपर्यंत वीस, तीस, चाळीस, कधी त्याहूनही अधिक वर्षे जातात. पंचविशीत स्टोकर असलेल्या माणसाला धाप लागते ती साठीत. तोवर जहाज भंगारात गेलेले असते, अधिकारी निवृत्त झालेले असतात आणि तो स्वतः गावी येऊन भाताची लावणी करीत असतो. दवाखान्यात गेला तर खोकला पाहून प्रथम क्षयाची शंका येते. थुंकीत काही सापडले नाही तर दमा म्हणून औषध मिळते. तो मरतो तेव्हा दाखल्यावर श्वासाचा विकार, वार्धक्य अशी नोंद होते. त्याच्या नोकरीचा आणि मरणाचा संबंध कोणत्याही कागदावर उमटत नाही.

हे अज्ञान होते, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. इंग्लंडमधील रॉचडेलच्या अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीत काम करणारी नेली केरशॉ ही कामगार स्त्री १९२४ साली मरण पावली आणि तिच्या फुफ्फुसांची तपासणी करून कुक नावाच्या डॉक्टरने तो वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात छापला. १९३१ साली ब्रिटनने अ‍ॅस्बेस्टॉस गिरण्यांतील धुळीसंबंधी नियम केले. १९६० साली वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील खाणींच्या परिसरातील मेसोथेलिओमाचे रोगी जगापुढे आणले. १९६४ साली न्यूयॉर्कचे डॉ. सेलिकॉफ यांनी नळ्यांना आवरणे चढविणाऱ्या कामगारांतील मृत्यूंचा हिशेबच मांडला. म्हणजे ब्रिटनमध्ये १९४३ साली बांधावयास घेतलेली विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी ‘विक्रांत’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली, तेव्हा ही धूळ माणसाला मारते हे ज्ञान तीन दशकांहून जुने झालेले होते. १९७२ साली माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ नौदलात आली. ती आणि तिच्या वर्गाच्या पुढच्या पाच नौका ब्रिटिश आराखड्यावरच्या, वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या होत्या. १९८७ साली ‘विराट’ आली, तीही मुळात १९४४ साली बांधावयास घेतलेली. ज्ञान उपलब्ध होते, पण ते बॉयलर रूमच्या शिडीवरून खाली उतरले नाही. ज्ञानाला वर्ग असतो, असे समाजवादी म्हणतात त्याचा अर्थ हाच.

आता कायद्याकडे वळावे. कामगाराला कामामुळे इजा झाली तर भरपाई द्यावी, हे तत्त्व या देशात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आले. व्यावसायिक रोग हीदेखील इजाच होय, हेही त्या कायद्याने मान्य केले आणि त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अ‍ॅस्बेस्टॉसिस, तसेच अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा यांचा समावेश झाला. व्यापारी जहाजावरील खलाशी या कायद्याच्या कक्षेत होता. परंतु सशस्त्र दलांचा सदस्य म्हणून काम करणारी व्यक्ती कामगाराच्या व्याख्येतून वगळलेली होती. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कायदा बदलला, नाव बदलले, पण वगळणूक तशीच राहिली. एकाच गावचे दोन भाऊ, एक व्यापारी जहाजाच्या इंजिन रूममध्ये आणि दुसरा युद्धनौकेच्या. दोघांच्या नळ्यांवरचे लिंपण एक, धूळ एक, रोग एक. पण पहिल्याला निदान कायद्याचा दरवाजा ठोठावता येतो, दुसऱ्याला तो दरवाजाच नाही.

दुसऱ्यासाठी वेगळी व्यवस्था आहे, असे सांगितले जाईल. ती आहे अपंगत्व निवृत्तीवेतनाची. सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या विकाराबद्दल हे वेतन मिळते. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात दिलेला निर्णय मोलाचा आहे. भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असे गृहीत धरावे, नंतरचा विकार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे आणि संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, असे न्यायालयाने बजावले. परंतु ही सारी रचना नोकरीत असताना दिसलेल्या विकाराच्या मापाने बेतलेली आहे. सेवामुक्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ तपासते, टक्केवारी ठरविते आणि वही मिटते. सेवामुक्तीनंतर उघड होणाऱ्या रोगाला नियमांत जागा ठेवली गेली तीही मोजक्या वर्षांच्या मुदतीची. तीस-चाळीस वर्षे दबा धरून बसणाऱ्या रोगापुढे ही मुदत म्हणजे चेष्टा होय. २०२३ साली संरक्षण खात्याने पात्रतेचे नवे नियम काढले, तेव्हा माजी सैनिकांनी त्यांवर टीका केली ती उगाच नव्हे. मुदतीचे गणित रोगाच्या स्वभावावरून बांधले पाहिजे. खात्याच्या सोयीवरून ते बांधले जाते, तेव्हा न्याय कागदावर राहतो.

कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत हे गणित एकदा बरोबर मांडले गेले आहे, हेही सांगितले पाहिजे. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेने केलेल्या अर्जावर २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. प्रत्येक अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपावी, असा आदेश दिला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने रोग प्रमाणित केलेल्या कामगारास १ लाख रुपये भरपाई द्यावी, असेही सांगितले. रक्कम मोठी नव्हती. पण नोंद चाळीस वर्षे ठेवा, या एका वाक्यात रोगाचे खरे स्वरूप न्यायालयाने ओळखले होते. आता प्रश्न साधा आहे. २१ वा अनुच्छेद गणवेश चढविताच अंगावरून गळून पडतो काय?

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या देशांनी कसे दिले, हे पाहणे उपयोगाचे आहे. ब्रिटनमध्ये १९४७ च्या एका कायद्याच्या दहाव्या कलमाने सैनिकांना सरकारविरुद्ध नुकसानीचा दावा लावण्यास मनाई होती. १९८७ साली ही मनाई उठली, परंतु मागील काळासाठी नाही. परिणामी ज्यांनी त्यापूर्वी बॉयलर रूममध्ये धूळ खाल्ली, त्यांना मेसोथेलिओमा झाला तरी न्यायालय बंदच राहिले. गोदीतील मुलकी कामगाराला मोठी एकरकमी भरपाई मिळे आणि त्याच नौकेवरच्या नाविकाला फक्त दरमहाचे निवृत्तीवेतन. वर्ष-दीड वर्षच जगणाऱ्या माणसाला दरमहाच्या वेतनाचा उपयोग तो किती? माजी सैनिकांच्या संघटनांनी हा अन्याय लावून धरला. डिसेंबर २०१५ मध्ये ब्रिटिश सरकारने मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकांना १ लाख ४० हजार पौंड एकरकमी घेण्याचा पर्याय जाहीर केला. तो प्रथम नव्या रोग्यांपुरता होता. गिल्ला झाल्यावर दोन महिन्यांत जुन्या रोग्यांनाही लागू केला गेला. तेथे सरकारला एकाएकी दया आली, असे नव्हे. संघटित मागणीपुढे ते वाकले. ज्या आरमाराच्या आराखड्यांवर आपल्या नौका बांधल्या गेल्या, त्या आरमाराने आपल्या नाविकांच्या रोगाची जबाबदारी मान्य केली आहे. आराखडा स्वीकारणाऱ्यांनी जबाबदारीही स्वीकारावी, यात अवास्तव ते काय?

या मागणीवर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, नाविक विड्या-सिगारेटी ओढतात, मग रोग धुळीचाच कशावरून? याचे उत्तर वैद्यकशास्त्राने दिले आहे. धूम्रपान आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले म्हणजे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो, म्हणजे धूळ निर्दोष ठरत नाही. आणि मेसोथेलिओमाचा तर धूम्रपानाशी संबंधच नाही. दुसरा आक्षेप असा की, अशा रोग्यांची संख्या अल्प असेल. ती अल्प असेल तर खर्चही अल्पच होईल, मग भय कशाचे? आणि ती मोठी असेल तर उपेक्षेचे पापही तेवढेच मोठे. संख्या शोधण्याचे काम धाप लागलेल्या माणसाचे नाही, ज्याच्याकडे नौकानिहाय नेमणुकीचे कागद आहेत त्या खात्याचे आहे. तिसरा आक्षेप हा संरक्षणाच्या गुप्ततेचा. साठ वर्षांपूर्वीच्या नौकेच्या नळीवर कोणते लिंपण होते, यात शत्रूला उपयोगी पडेल असे काय असणार? ती नौका तर भंगारवाल्याने केव्हाच कापली!

भंगाराचा उल्लेख आलाच आहे, तर या धुळीचा शेवटचा वाटेकरी कोण हेही पाहावे. ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली दारूखान्यात तोडावयास घेतली गेली. ‘विराट’ २०२० साली अलंगच्या किनाऱ्यावर गेली. जहाज तोडणाऱ्या मजुराच्या हातातील गॅस कटरपुढे तेच तावदान, तेच लिंपण येते. फ्रान्सने आपली ‘क्लेमांसो’ ही विमानवाहू नौका अ‍ॅस्बेस्टॉससह अलंगला धाडली, तेव्हा जगभर निषेध झाला, फ्रान्सच्या न्यायसंस्थेने आक्षेप घेतला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांना ती परत बोलवावी लागली. ती पुढे इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तोडली गेली. परक्यांची नौका परत गेली याचा आनंद रास्त आहे. परंतु भारताने २०१९ साली जहाज-पुनर्चक्रणाचा कायदा केला, तेव्हा त्यातून युद्धनौका वगळल्या. म्हणजे नाविकाला भरपाईच्या कायद्यातून वगळायचे आणि त्याच्या नौकेला तोडणीच्या कायद्यातून. वगळण्याच्या या कलेत आपले राज्यकर्ते निष्णात आहेत.

यातून पुढचा विचार निघतो. नौसैनिक, व्यापारी जहाजावरील खलाशी, गोदीतील फिटर आणि दारूखान्यातील मजूर यांना चार खात्यांनी चार फायलींत विभागले आहे. धुळीने मात्र त्यांना कधीच विभागले नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या तळावरील नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अपमान यांविरुद्ध संप पुकारला, तेव्हा तो पाहता पाहता जहाजांमागून जहाजांवर पसरला आणि मुंबईचा गिरणी कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरून गोळ्यांना सामोरा गेला. गणवेशातील श्रमिक आणि बिनगणवेशाचा श्रमिक यांचे दुःख एक आहे, हे तेव्हा कोणाला समजावून सांगावे लागले नाही. आज तेच पुन्हा सांगावे लागते, ही चळवळीची पीछेहाट आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. वाफेच्या नौकांवर नोकरी केलेल्या सर्व नाविकांची नौकानिहाय सूची संरक्षण खात्याने तयार करावी. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यांतून त्यांची छातीची क्ष-किरण तपासणी आणि श्वासक्षमतेची चाचणी ठरावीक काळाने व्हावी. ज्याने इंजिन रूम, बॉयलर रूम किंवा नौकेच्या दुरुस्तीत काम केले त्याला अ‍ॅस्बेस्टॉसचा रोग झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे, मग सेवामुक्तीला कितीही वर्षे लोटलेली असोत. मेसोथेलिओमा झालेल्यास एकरकमी भरपाई त्याच्या हयातीत मिळावी. मरण पावलेल्यांच्या विधवांना तोच हक्क असावा. व्यापारी खलाशी व गोदी कामगार यांच्या दाव्यांना मुदतीचा अडसर नसावा. आणि युद्धनौकांची तोडणी कायद्याच्या कक्षेत आणावी. १९८६ साली झालेला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा अ‍ॅस्बेस्टॉसविषयक करार भारताने अद्याप मान्य केलेला नाही, तोही मान्य करावा.

या मागण्या दिल्लीत होतीलच, पण त्यांचा आरंभ खाडीपट्ट्यात होऊ शकतो. प्रत्येक वाडीत आणि मोहल्ल्यात कोण कोणत्या नौकेवर होता, कोणत्या साली आणि कोणत्या कामावर, याची वही गावाने घालावी. नाविकांची सेवापुस्तके आणि खलाशांची सी. डी. सी. ट्रंकेच्या तळाशी कुजू देऊ नयेत. त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. ज्याला धाप लागते त्याने डॉक्टरला केवळ खोकल्याची हकीकत न सांगता आपल्या नोकरीची हकीकतही सांगावी आणि ती केसपेपरवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिले जाते, याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे. अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे एकेकटा अर्ज न जाता शंभर अर्ज एकत्र जावेत. आणि ज्या घरांवर आजही सिमेंटचे पत्रे आहेत, त्यांनी ते फोडताना, कापताना, भोके पाडताना धूळ उडू देऊ नये. कारण त्यातही बहुधा तोच पदार्थ असतो आणि या देशात त्याची आयात अद्याप बंद झालेली नाही.

अर्ज करण्याची ही परंपरा या मातीला नवी नाही. याच महाड तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा १८९४ साली त्यांनी त्याविरुद्ध सविस्तर अर्ज तयार केला. लढविले तेव्हा माणूस, आणि गरज संपल्यावर कोणी नव्हे, या न्यायाला त्यांनी लेखणीने आव्हान दिले. तो अर्ज तत्काळ मान्य झाला नाही. पण त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १९२७ साली, महाडच्या चवदार तळ्यावर जे हजारो लोक चालून गेले, त्यांच्या मागे अशा अर्जांनी तयार केलेली जाणीव उभी होती.

नौसैनिकांचा प्रश्न हा उपकाराचा नाही. ज्या राज्यसंस्थेने माणसाला धुळीत उभे केले, त्या राज्यसंस्थेने त्या धुळीचा हिशेब द्यावा, एवढीच ही मागणी आहे. आणि हा हिशेब तातडीने मागितला पाहिजे, कारण ‘विक्रांत’च्या पहिल्या तांड्यातील तरुण आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. सरकारला थांबायला वेळ आहे, त्यांना नाही.